तळमजल्यावरचा हॉट रॉड

"तुला आवाजाचा त्रास होतो का?"

खोली बघायला गेलो तेव्हा काकांनी, म्हणजे माझ्या होणाऱ्या घरमालकांनी, मला विचारलेला पहिला प्रश्न हा. गाव कुठलं, आडनाव काय, लग्न झालंय का, मासे खातोस का, यातलं काही नाही. मुंबईत भाड्याची खोली शोधत फिरलेल्या माणसालाच या गोष्टीचं अप्रूप कळेल. मी घाईघाईने म्हटलं, "नाही होत." त्यावर ते "होईल," म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवून निघून गेले.

दिंडोशीच्या एका जुन्या वसाहतीत तळमजल्यावर त्यांचं घर होतं. त्यातली बाहेरच्या बाजूची, काकांच्या पत्र्याच्या शेडसमोरची खोली मला मिळाली. खोलीत एक खाट होती, खाटेखाली गोणपाटात गुंडाळलेला गिअरबॉक्स होता आणि माळ्यावर सायलेन्सरची नळकांडी रांगेने निजवलेली होती. कपडे वाळत घालायची दांडी म्हणून मी जिच्यावर महिनाभर टॉवेल टाकत होतो, तो पुढच्या चाकांचा आस निघाला. ज्या दिवशी तो लागला त्या दिवशी त्यांनी माझा टॉवेल घडी घालून खाटेवर ठेवला, आणि दांडी गेली.

मी तेव्हा जवळच्याच कोर्टात लघुलेखक होतो. माझं काम म्हणजे दुसरे बोलतील ते टिपून टाइप करणं. पण आमच्या बिल्डिंगीत सगळे मला कायद्याचा माणूस समजत. सेक्रेटरी मला जिन्यात गाठून विचारायचे, "तुम्ही कोर्टात असता ना? मग सांगा, राहत्या इमारतीत माणूस मोटार बनवू शकतो का?" मी म्हणायचो, बघून सांगतो. कुठे बघणार होतो देव जाणे.

काकांची सगळी नोकरी एका विमा कंपनीत, मोटारींच्या दाव्यांच्या खात्यात झाली होती. अपघात झालेल्या गाड्यांचे फोटो टेबलावर यायचे. ते भिंगातून बघायचे आणि गाडीला ठोकर लागण्याआधीच तिच्यात काय काय बिघडलेलं होतं ते शोधून काढायचं, म्हणजे कंपनीला भरपाई द्यायला नको. त्या खात्याचा एक आवडता शेरा होता, 'नैसर्गिक झीज'. तो शेरा काकांनी इतक्या वेळा मारला होता की निवृत्तीनंतरही हात थांबेना. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी गुडघा धरून जिना उतरताना दिसल्या की हे शेडमधून ओरडायचे, "नैसर्गिक झीज!" सेक्रेटरींच्या मुलीचं लग्न वर्षभरात मोडलं तेव्हा अख्खी बिल्डिंग हळहळत होती. काका म्हणाले, "त्यात ठोकर कुठेच नाही. झीज आहे." हे वाक्य सेक्रेटरींपर्यंत पोचलं, आणि त्यांच्या मनात गाडीविषयी जे होतं त्याला धार चढली.

गाडीचं खूळ निवृत्तीनंतर मोबाईलवरून आलं. अमेरिकेतला कुणी एक दाढीवाला म्हातारा आपल्या घरामागच्या पडवीत गाड्या बनवायचा आणि त्याचे व्हिडिओ टाकायचा. काका त्याला 'आमचा टेक्सासवाला' म्हणत, जसं कुणी 'आमचे ठाण्याचे मामा' म्हणावं. टेक्सासवाल्याला सर्दी झाली तरी आमच्या घरात काळजी असे. काकू एकदा चहा गाळता गाळता म्हणाल्या, "त्या मेल्याच्या घरात बायको आसा की नाय, ता एकदा इचारा त्येका."

काकू मालवणकडच्या आणि काकाही तिकडचेच. काकांचे वडील गिरणीत होते. काका एरवी शुद्ध कचेरी मराठी बोलत. चिडले, घाबरले की मालवणी बाहेर येई. काकू मात्र सदा मालवणीतच बोलत, त्यामुळे त्या चिडल्यात की नाहीत हे कळायला काही मार्ग नव्हता.

'मी हॉट रॉड बनवतो आहे,' असं काकांनी पहिल्यांदा जाहीर केलं तेव्हा बिल्डिंगीत कुणाला काही कळलं नाही. आमच्याकडे रॉड म्हणजे बादलीत सोडून पाणी तापवायचा. मावशी म्हणाल्या, "अहो, आता गिझर परवडतो की! आणि रॉडने शॉक बसतो." काकांनी त्यांना समोर बसवून समजावलं. जुन्यात जुनी गाडी घ्यायची. तिचं मडगार्ड, बॉनेट, बंपर, जे जे बिनकामाचं ते काढून टाकायचं. छत कापून खाली आणायचं. मग दुसऱ्या कुठल्यातरी दणकट गाडीचं इंजिन तिच्यात बसवायचं आणि ते उघडं ठेवायचं. सगळं स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने. याला हॉट रॉड म्हणतात. मावशींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग ती धड गाडी मोडायची कशाला?"

त्यातही काकांचा हॉट रॉड 'पारंपरिक' होता. हा शब्द ते अशा काही आवाजात उच्चारत की ऐकणाऱ्याने चप्पल काढावी. त्यांच्या घरात सोमवारी बांगडे तळले जात, संकष्टीला ऑम्लेट होई, देवघरातला दिवा लावायची आठवण काकूंना करून द्यावी लागे. पण गाडीत नव्या बनावटीचा साधा स्क्रू गेलेला त्यांना चालत नसे. पॉवर स्टिअरिंगचं नाव काढलं तर ते कानांवर हात ठेवत. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्यांनी एका जुन्या जीपचं इंजिन आणलं तेव्हा त्याचा जन्म, पूर्वीचे मालक, कुठे कुठे चाललं, सगळी चौकशी केली. मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा माणसं एवढं विचारत नाहीत. रंग लावायचाही प्रश्न नव्हता. पत्र्यावर जो तांबूस थर चढला होता त्याला काका 'पॅटिना' म्हणत.

"गंज आहे तो," सेक्रेटरी म्हणाले.

"गंज नाही. पॅटिना. परदेशात मुद्दाम राखतात."

"मग माझ्या गाडीच्या दारालापण पॅटिना आलाय, त्याचं काय करू?"

काकांनी दाराकडे नजर टाकली. "गंज आहे तो," ते म्हणाले.

गाडीचा सांगाडा त्यांना आरे कॉलनीत मिळाला. एका तबेल्यामागे गोल खांद्यांची कुठलीतरी फार जुनी मोटार चाकांशिवाय पडून होती. आत पेंडीची पोती ठेवत आणि टपावर कोंबड्या बसत. तबेलेवाल्याला पैसे नको होते, त्याला गुरांची औषधं उंदरांपासून वाचवायला एक बंद होणारं लोखंडी कपाट हवं होतं. आणि काकांच्या घरात तसं एक कपाट होतं. ते काकूंचं होतं, लग्नात माहेराहून आलेलं, आरसा लावलेलं. काकू तेव्हा गावी गेल्या होत्या.

त्या परत आल्या त्या दिवशी मी घरात होतो. भिंतीवर कपाटाच्या आकाराचा एक पांढराफटक चौकोन उरला होता. त्याच्यासमोर त्या पिशवी हातात धरून उभ्या राहिल्या.

"कपाट खंय?"

काका त्यांना शेडमध्ये घेऊन गेले. पेंडीचा वास मारणारा तो गंजका सांगाडा, आणि एका खिडकीत अजून कोंबडीचं पीस अडकलेलं. काकूंनी गाडीला एक अख्खी प्रदक्षिणा घातली. मग विचारलं, "आता ह्याच्यात लुगडी ठेवूची काय?"

काकांनी ते पीस खिडकीतून उपसलं. ते म्हणाले, "तयार झाली की पहिली फेरी तुझी. आरेतून. शब्द देतो."

काकू पिशवी घेऊन आत गेल्या. त्यांच्या साड्या पुढची कित्येक वर्षं बॅगांमध्ये राहिल्या.

हॉट रॉडचं छत किती कापावं यावर टेक्सासवाल्याचं ठाम मत होतं: मनाला येईल त्याहून थोडं जास्त. काकांनी तसंच कापलं. दोन आठवडे शेडमधून ठिणग्या उडत होत्या. छत पुन्हा जोडून झालं, गाडी एखाद्या दबा धरून बसलेल्या मांजरासारखी दिसू लागली, आम्ही सगळे खरंच थक्क झालो. मग काका आत बसायला गेले. काका चांगले उंच. हनुवटी छातीला लावून बसले तर त्यांना फक्त स्वतःच्या शर्टाची बटणं दिसत होती, आणि मान सरळ करायची तर डोकं खिडकीबाहेर काढावं लागे. ते कितीतरी वेळ निरनिराळ्या तऱ्हांनी आत शिरून पाहत होते. काकू दारात तांदूळ निवडत हे बघत होत्या. त्या उठल्या, पदर खोचला आणि सहज आत जाऊन बसल्या. हात चाकावर, पाय पेडलवर, नजर समोर. शिंप्याने माप घेऊन शिवावी तशी गाडी त्यांना बसली.

तेव्हापासून त्यांना एक काम लागलं. काका पुढे इंजिनपाशी वाकून असत आणि काकू आत बसून त्यांच्या हुकमाप्रमाणे पेडल दाबत. "दाब!" "सोड." "क्लच!" "अगो, क्लच म्हटलं, ब्रेक नाही!" हा संवाद आमच्या बिल्डिंगीत इतका नेहमीचा झाला की कुकरच्या शिट्ट्यांसारखा कुणाला ऐकूच येईनासा झाला.

गाडी सुरू झाली ती एका दसऱ्याला. सकाळी तिला झेंडूची माळ घातली. मावशींनी हळद-कुंकू लावलं. सेक्रेटरी आले, तेही नारळ घेऊन; कारण गाडी एकदाची सुरू झाली म्हणजे जाईल, असा त्यांचा हिशोब होता. काकूंनी बॅगेतून काढलेली मोरपिशी साडी नेसली होती आणि खांद्याला पर्स होती. त्या आत बसल्या, किल्ली फिरवली, आणि सबंध इमारतीच्या खिडक्या थरथरल्या. कबुतरं उडाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासुद्धा अंगावर काटा आला. गंजकं, उघडं, पेंडीच्या वासाचं ते धूड खरोखर श्वास घेत होतं.

काकांनी डोळे मिटून कान दिला. सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"बंद कर," ते म्हणाले.

"काय झालं?"

"टॅपेट वाजतंय. सुधारणा करावी लागेल."

'सुधारणा' हा त्यांचा दुसरा शब्द. समाजसुधारकांनी वापरला नसेल इतक्या गांभीर्याने ते तो वापरत. दुपारी पुरणपोळ्या होत होत्या आणि शेडमध्ये इंजिन साखळीला टांगून बाहेर निघत होतं. काकू घरात गेल्या, साडी बदलली, मोरपिशी साडीची घडी घालून ती बॅगेत ठेवली. मी जेवताना त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो. त्याच म्हणाल्या, "वाढू काय आणखी?"

हे पुढे अनेकदा झालं. पाडव्याला गाडी सुरू झाली, तर स्टिअरिंगमध्ये ढिलाई सापडली. एका मे महिन्यात ती गेटपर्यंत ढकलत नेली, तर मागची चाकं 'परंपरेला धरून' नाहीत असा साक्षात्कार झाला. गाडी जितकी चांगली होई तितकी ती अपुरी ठरे. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्यांत दोष शोधण्याचा पगार घेतलेला माणूस आता ते काम स्वतःच्या गाडीवर फुकट करत होता. मी एकदा धीर करून म्हटलं, "काका, एक फेरी मारून या ना काकूंना घेऊन. मग करा सुधारणा." त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तू अर्धवट टाइप केलेला निकाल साहेबांच्या सहीला ठेवतोस?"

मग आमच्या बिल्डिंगीचा पुनर्विकास आला. बिल्डरच्या माणसांनी गच्चीत पडदा लावून टॉवरची चित्रं दाखवली. त्या चित्रांत आमच्या कंपाउंडमध्ये गोऱ्या बायका कुत्री घेऊन फिरत होत्या. सगळ्यांनी कार्पेट एरिया विचारला, मावशींनी तुळशीला ऊन मिळेल का विचारलं. शेवटी काका उठले.

"गॅरेजची उंची किती?"

"सर, मेकॅनिकल पार्किंग आहे," टायवाला मुलगा उत्साहाने म्हणाला. "तुम्ही गाडी पाटावर ठेवायची, बटण दाबायचं, ती आपोआप वर जाते."

"वर गेल्यावर मी तिच्याखाली झोपायचं कुठे?"

"झोपायचं, सर?"

"काम करायला. खाली एक खड्डा लागेल. माणूस उभा राहील एवढा."

"अहो, एका खड्ड्यापायी अख्खी बिल्डिंग खड्ड्यात घालताय!" सेक्रेटरी ओरडले. आणि मग माझ्याकडे वळून, "तुम्ही कोर्टात असता, सांगा यांना!" मी चहाच्या कपात बघत राहिलो.

सह्यांसाठी सगळे आमच्या दाराशी येऊन गेले. काका ढळले नाहीत. शेवटी काकूच म्हणाल्या, "सही करा. बाथरूमचा छप्पर माझ्या टकलेर गळता. तुमच्या गाडयेक शेड आसा, माका नाय." काकांनी त्याच दिवशी सही केली. पण संध्याकाळी शेडमध्ये कुठलाच आवाज झाला नाही, आणि मला त्या शांततेचाच त्रास झाला.

घर रिकामं करायचं ठरलं. तात्पुरती भाड्याची जागा मिळाली ती बोरिवलीला, चौदाव्या मजल्यावर. काकांनी तिथल्या लिफ्टचं माप घेतलं, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. गाडी कुठे ठेवायची? भंगारवाला येऊन गेला, त्याला काकांनी शेडच्या उंबऱ्यावरूनच परत पाठवला. मग कुणाकडून तरी ऐकून अंधेरीचा एक हॉटेलवाला आला. तरुण, केसांना तेलासारखं काहीतरी लावलेला, गोड बोलणारा.

"अंकल, झकास! एकदम रॉ आहे यार! माझ्या हॉटेलच्या एन्ट्रन्सला ठेवतो. लोक फोटो काढतील. आतल्या सीट काढल्या की तिथे सॅलड काउंटर बसेल."

काका म्हणाले, "चालते का ते विचारलं नाहीस."

"चालायची गरजच नाही ना, अंकल. उलट इंजिन काढलं तर त्या जागी बर्फ ठेवता येईल."

मला वाटलं आता पाना डोक्यात बसतो. पण काका नुसते इंजिनवरची धूळ अंगठ्याने पुसत राहिले. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. रविवारी ट्रक पाठवतो म्हणून सांगून हॉटेलवाला गेला. काकू दारात होत्या. "पहिली फेरी काकडयेची काय?" त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

कुणालाही वाटेल की आता तरी त्यांनी गाडीला हात लावला नसेल. छे. "अपुरी गाडी माझ्या हातून जाणार नाही," असं म्हणून ते आठवडाभर तिला जुळवत बसले. काकडीच्या चकत्या जिच्यात मांडायच्या त्या गाडीचा कार्बोरेटर त्यांनी दातांच्या ब्रशने घासला.

रविवारी सकाळी मी खिडकीत दात घासत होतो. शेडचे पत्रे एका बाजूने काढून झाले होते. इंजिन चालू होतं. काकू नेहमीप्रमाणे आत, काका पुढे वाकलेले. एका मोठ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला आणि मूठ कानाला लावून ते ऐकत होते. "दाब. सोड. दाब." मग ते म्हणाले, "थांब तशीच. बारीक स्क्रूड्रायव्हर आणतो," आणि घरात गेले.

गाडी हलली. आधी मला वाटलं उतारावर घरंगळली. पण ती डावीकडे वळली, पाण्याच्या टाकीला वळसा घातला आणि गेटकडे निघाली. वॉचमनने गेट उघडून चक्क सलाम ठोकला. काकूंच्या हाताची बांगडी खिडकीतून चमकली, त्यांनी उजवीकडे वळायची खूण केली होती.

काका बारीक स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर आले. मोकळ्या शेडमध्ये उभे राहिले. तेलाच्या डागाकडे बघितलं, गेटकडे बघितलं, आणि म्हणाले, "चोक ओढलेला आहे! तिने चोक आत ढकलला नाही!"

दुसऱ्या क्षणी त्यांना खरं काय झालंय ते समजलं. चेहरा उतरला. "खंय गेली गो ही?" ते माझ्याकडे बघून म्हणाले, आणि गो कुणाला म्हणतोय याचं त्यांना भान नव्हतं.

मी तोंड धुऊन रिक्षा थांबवली. काकांनी हत्यारांची पेटी मांडीवर घेतली. वाट शोधायला काही त्रास झाला नाही. कोपऱ्यावरचा भाजीवाला आम्ही विचारायच्या आधीच म्हणाला, "वो खुल्ला इंजिनवाली? आंटी चला रही थी ना? सीधा गई. एक नंबर आंटी!" पुढे बसस्टॉपवरच्या लोकांनी सगळ्यांनी मिळून आरेचा रस्ता दाखवला. रिक्षावाला रंगात आला होता. काका मात्र पेटीच्या कडीला घट्ट धरून बसले होते, आणि पुटपुटत होते.

"ब्रेक डावीकडे जास्त लागतो. मला माहीत होतं. आज बघणारच होतो." मग थोड्या वेळाने, "बेल्ट नाही गाडीत. पारंपरिक गाडीला बेल्ट नसतो."

"काका, त्या नीट जात असतील. लोक हसत सांगतायत ना."

"मी हजारो फोटो बघितले रे," ते म्हणाले. "भिंग लावून. पण त्या फोटोंत माणसं नसायची. नुसत्या गाड्या. माणसांना आधीच हलवलेलं असायचं." रिक्षा आरेच्या झाडीत शिरली, प्रत्येक वळणाला ते पुढे झुकून बघत आणि पुन्हा मागे टेकत. इतका घाबरलेला माणूस मी कोर्टाच्या पिंजऱ्यातही पाहिला नव्हता.

एका वळणापलीकडे दुधाच्या टपरीशी गाडी उभी होती. सावलीत, रस्त्याच्या कडेला, अगदी शिस्तीत. हँडब्रेक ओढलेला आणि वर चाकामागे दगडही लावलेला. काकू बाकावर बसून मसाला दूध पीत होत्या. मोरपिशी साडी नव्हती, घरातलीच होती, तेलाच्या डागाची.

काका रिक्षातून उतरले आणि आधी गाडीकडे नाही, काकूंकडे गेले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझ्यासमोर असं पहिल्यांदाच झालं. त्यांनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"लागलं नाही ना खंय?"

"कित्याक लागात?" काकू म्हणाल्या. "दूध घेतास?"

"बंद पडली?"

"नाय."

"मग थांबलंस कशाक?"

"तान लागली."

काका उघड्या इंजिनपाशी गेले, वाकले, पाना हातात घेतला. दोष सापडेना. मग एकदम ताठ होऊन म्हणाले, "पण तू चालवायला शिकलीस कधी?"

"तुमी कार्बोरेटर धुयत होतास तेव्हा. सकाळी भजनाक जातंय म्हणान सांगी, तो मोटार ट्रेनिंग स्कूलचो क्लास. भजनच ता. शिकवणारो सारखो राम राम म्हणा." त्यांनी पर्स थोपटली. "लायसन आसा माझ्याकडे. तुमच्याकडे आसा?"

काकांच्या लायसनची मुदत नोकरीत असतानाच संपली होती. टपरीवाला खो खो हसला. काका हसले नाहीत. पण पाना त्यांनी पेटीत ठेवला आणि पेटी माझ्याकडे दिली.

काकूंनी ग्लास परत केला, दगड पायाने बाजूला सारला, आत जाऊन बसल्या. "बसतास, की चलत येतास?"

काका मुकाट्याने पलीकडून शिरले. मान आत मावेना, तेव्हा त्यांनी डोकं खिडकीबाहेर काढलं. इंजिन पहिल्या फटक्यात लागलं. झाडीतून कुठलेसे पक्षी उडाले. आवाजातून काकांचं बोलणं मला ऐकू आलं, "अगो, ऐक, ते टॅपेट..." आणि काकूंचं, "गप ऱ्हवा!" मग ती गाडी आमच्या समोरून गेली. गंजकी, बुटकी, उघड्या इंजिनाची, आणि बाजूच्या खिडकीतून बाहेर आलेलं, वाऱ्याने केस उभे राहिलेलं एका निवृत्त कारकुनाचं डोकं. रिक्षावाल्याने विचारलं, "ये कौनसी कंपनी की है?" मी म्हटलं, घरची आहे.

ते घरी आले तेव्हा हॉटेलवाल्याचा ट्रक गेटशी उभा होता. काकूंनी उतरून थेट ड्रायव्हरला विचारलं, मालवणपर्यंत येशील का. तो तिकडचाच निघाला. हॉटेलवाल्याला फोनवर काय सांगायचं ते काकांच्या गळ्यात पडलं. ते बराच वेळ अडखळत राहिले आणि शेवटी म्हणाले, "माफ कर बाबा, ती गाडी आता चालते." मी पुढे ऐकलं की त्याने सॅलड एका जुन्या रिक्षात मांडलं.

बोरिवलीचं भाड्याचं घर त्यांनी घेतलंच नाही. टॉवर होईपर्यंत म्हणून दोघं काकूंच्या माहेरच्या गावी गेली. असल्या गाडीला रस्त्यावर आणायची परवानगी कुठल्याही कायद्यात बसत नाही, एवढं मात्र मी आता खरंच विचारून घेतलं होतं. काकूंना तसं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, गावातला पोलीसपाटील आपला मावसभाऊ, आणि गाव ते बाजार हा रस्ता म्हणावा असा रस्ताच नाही.

गेल्या वर्षी टॉवरच्या किल्ल्या मिळाल्या. त्या समारंभाला काका एकटेच आले होते. उन्हाने रापलेले, पोट जरा उतरलेलं. गोऱ्या बायका आणि कुत्री कुठे दिसली नाहीत; पार्किंगचा एक पाट वर अडकला होता आणि त्यावरची सेक्रेटरींची गाडी खाली येत नव्हती. काकांनी ते यंत्र लांबूनच बघितलं. जवळ जाऊन त्यात डोकं घातलं नाही याचं मला आश्चर्य वाटलं.

"काकू नाही आल्या?"

"ती कुठली येते! सकाळी बाजारात जाते गाडी घेऊन. येताना गावातल्या बायकांची मासळीची टोपली आणते, शाळेच्या बाईंना सोडते. टायमिंग चुकलं की लोक घरी विचारायला येतात."

"आणि सुधारणा?"

"हात लावू देत नाही." त्यांनी इकडे तिकडे बघून आवाज खाली आणला. "मागच्या महिन्यात ती लग्नाला गेली तेव्हा मी नुसतं एक नट सैल केलं. आल्या आल्या वळखलान. दोन दिवस जेवण मुगाच्या खिचडीचं."

मला हसू आवरेना. मी विचारलं, "पण काका, खरं सांगा, चालते कशी गाडी आता?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी काही भलतंच विचारलं होतं.

"माका काय इचारतंस?" ते म्हणाले. "मी बाजूक बसतंय."